आमच्या विहिरीचे दात

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमलं नाही ते या वयात काय जमणार. ही वही नातीची. मागची पानं कोरी राहिली होती, ती मी मागून घेतली. पिठाच्या डब्यामागं ठेवते. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. चुकांची माफी मागते. जे सांगणार आहे त्याची मागणार नाही.

मागच्या आठवड्यात नातीच्या शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. तिनं घरी चिठ्ठी आणली. एका दाढेला कीड, पुढच्या दातांवर डाग. पोरगी रडवेली झाली होती.

"आज्जी, बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, तू दात घासत नाहीस."

"घासतेस ना?"

"रोज दोनदा."

"मग तसं सांग की."

"भीती वाटते."

मी तिला काय शिकवणार? मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. पाहुणे आले की अजूनही मी स्वयंपाकघर सोडत नाही. पण तिच्याएवढी असताना एकदा बोलले होते. ते तिला नीट सांगता यावं म्हणून आधी इथं लिहून बघते.

आमचं गाव सिल्लोडच्या वाटेला, सडकेपासून आत. गावाला उन्हाळ्यात न आटणारी एकच विहीर, चिंचेखाली, लई खोल. पाणी थंडगार, पण त्यात डाळ लवकर शिजत नसे. त्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या प्रत्येकाचे दात मातकट. कुणाला पिवळे पट्टे, कुणाला चहाच्या रंगाचे डाग, कुणाच्या दातांना सुई टोचल्यासारखे खळगे. पाटलाच्या पोरी घ्या, तांबोळ्याच्या घ्या, नाहीतर आमच्या. विहीर कुणाची जात विचारत नव्हती. लग्न करून गावात आलेल्या बायकांचे दात मात्र पांढरे. माझी आई भोकरदनकडची. तिचे दात म्हातारपणीसुद्धा तांदळासारखे होते. गावची लेक कोण आणि सून कोण, हे ती हसली की कळायचं.

म्हणून आमच्याकडं एक रीत होती. लेकीचं लग्न ठरलं की ती मिश्री लावायला सुरुवात करायची. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची, बोटानं दातांना चोळायची. मिश्रीनं सगळे दात सारखे काळे होतात. मग डाग शोधणार कुठं? सासरी विचारलं तर सांगायचं, सवय आहे. मिश्रीची लाज नव्हती, डागांची होती. मी तेव्हा लहान. मला मिश्री लागली नव्हती, लागायची वेळही आली नव्हती. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

मी आठ वर्षांची असताना आईला औरंगाबादेत शहागंजाजवळ काम मिळालं. हिमरू विणणाऱ्या कारखान्यासाठी घरबसल्या रेशीम गुंडाळून द्यायचं. वडील सिल्लोडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, हंगामभर तिकडंच. महिन्याला त्यांचं एक कार्ड यायचं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती ते कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याकडं न्यायची. तो मोठ्यानं वाचायचा. गूळ घ्यायला आलेली गिऱ्हाइकं ऐकायची. "तुझी सय येते" हे त्यानं असं काही वाचलं की दुकानात हशा पिकला. आई पदर ओढून घरी आली ती चुलीपाशी पाठमोरी बसली.

"तू चौथी पास हो," ती मला म्हणाली. "घरातलं पत्र घरात वाचू."

मला शाळेत घातलं ते एवढ्यासाठी. मला दुसरं काही व्हायचं नव्हतं, चौथी व्हायचं होतं.

शाळा मुलींची, सरकारी. राज्य निजामाचं, म्हणून सुट्टी शुक्रवारची. रोज एक तास उर्दू, बाकी सगळं मराठीत. मुलींना आणायला पडदा लावलेली बैलगाडी यायची आणि तिच्यात एक म्हातारी आया बसलेली असायची. तिला आम्ही आयाबी म्हणायचो. काळ्याभोर दातांची, बोलायला फटकळ, पण पोरगी गाडीतून उतरताना हात धरल्याशिवाय सोडायची नाही.

चौथीच्या बाई मराठी होत्या. पांढरं लुगडं, चष्मा, हातात रूळ. खरं ते लिहिते, शिकवायच्या छान. आज मला हे चार शब्द लिहिता येतात ते त्यांच्यामुळं. पण स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, सुट्टीच्या आधी त्या आम्हाला रांगेत उभं करून नखं, केस आणि दात बघायच्या. अस्वच्छ निघालं की एक आणा दंड.

चौथीच्या पहिल्याच जुमेरातीला त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं.

"एवढ्या वयात मिश्री?"

"नाय बाई."

"नाही कशी? डोळ्यांना दिसतंय मला." त्या वाकल्या, वास घेतला. "आणि वर लवंग चघळून आलीस. तंबाखूचा वास मारायला! हे कुणी शिकवलं? आईनं?"

लवंग आईनंच दिली होती. माझी डावीकडची दाढ ठणकत होती, म्हणून तिनं सकाळी दाढेखाली धरायला लावली होती. हे सांगायला हवं होतं. पण मागं चाळीस पोरी बघत होत्या. मी तोंड मिटलं. बाईंना वाटलं, कबूल झाली.

त्या दिवशी त्यांनी राखुंडी मागवली, माझ्या बोटावर दिली आणि सगळ्यांसमोर घासायला लावलं. हिरडीतून रक्त आलं तरी डाग होते तिथंच. "पुढच्या जुमेरातीला स्वच्छ होऊन ये," बाई म्हणाल्या. आणि एक आणा.

एका आण्यासाठी आईला सकाळपासून दुपारपर्यंत रेशमाचा रहाट फिरवावा लागे. तिनं आणा दिला आणि परसात विटकर कुटली. म्हणाली, भांड्याची काट जाते, ही का जाणार नाही? बिचारी पांढऱ्या दातांची. तिला काय ठाऊक? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिनं माझे दात विटकरीनं घासले. दातांची होती नव्हती ती लकाकी गेली. थंड पाणी झोंबायला लागलं. खळग्यांत भाकरीचा कण अडकायचा, तिथंच कुजायचा, आणि जिथं नुसता डाग होता तिथं कीड लागली. डाग मात्र हलला नाही.

दुसरी जुमेरात, एक आणा. तिसरी, एक आणा. पोरींना खेळच मिळाला.

"ए मिश्रीवाले, चिमूटभर दे की गं!"

"आज्जीबाई, पिंक टाकायला खिडकी उघडू का?"

मी हसणं सोडलं. मग बोलणंही सोडलं. कविता म्हणायची वेळ आली की मी ओठ हलवायचे, आवाज काढायचे नाही.

असे बारा आणे गेले. बाराव्या जुमेरातीला बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. परीक्षेला बसणाऱ्या मुलींची यादी पाठवायची होती.

"तुझं नाव मी घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणारी मुलगी मी परीक्षेला पाठवत नाही. एका कागदावर लिहून आण, मी मिश्री लावत होते, पुन्हा लावणार नाही. दंडही बंद, नावही घालते. पुढच्या जुमेरातीपर्यंत. नाही आणलंस तर शाळेत येऊ नकोस."

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं रहाट थांबवला नाही.

"मग लिही की."

"मी लावत नाही, आई."

"मला माहीत नाय व्हय? पर दोन ओळी लिहिल्या तर तुझ्या अंगाला काय भोकं पडणार हायत? लिही आन् मोकळी हो."

"नाय लिहिणार."

"अगं, एवढे बारा आणे घातले!"

"म्हणूनच नाय लिहिणार. लिहिलं की तो दंड खरा होतो."

तिनं एक धपाटा घातला. मी रडले नाही. मला आठवतं, माझं मलाच नवल वाटलं. रस्त्यानं चालताना समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटणारी मी, आणि माझ्या आत हे कुठून आलं कोण जाणे. जे केलं नाही ते माझ्या हातानं लिहिणार नाही. माझं अक्षर वाईट होतं, पण माझं होतं.

त्याच आठवड्यात दाढ सुजून गाल टरारला. लवंगेनं भागेना. आई मला शहागंजात घेऊन गेली. तिथं रस्त्याच्या कडेला चटई टाकून एक दात काढणारा बसायचा. पुढ्यात फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग. जेवढा ढीग मोठा, तेवढा हात वाकबगार, असं गिऱ्हाइकानं समजायचं. त्यानं माझं डोकं गुडघ्यांत धरलं, सांडशी घातली, आणि मला जेव्हा पुन्हा दिसायला लागलं तेव्हा दाढ त्याच्या तळहातावर होती. तो ती ढिगात टाकायला निघाला.

"माझी हाय," मी रक्त गिळत म्हणाले.

"क्या?"

"माझी दाढ. द्या इकडं."

तो आईकडं बघून हसला. "बाई, इतके बरस झाले, दाढेवर हक्क सांगणारी पहिलीच बघतोय."

"द्या तिची तिला," आई म्हणाली. "ठणका तिनं सोसलाय."

दाढ घरी आणली. एका बाजूला किडीचं भोक, आणि वरच्या अंगाला तो चहाच्या रंगाचा पट्टा. मी ती राखुंडीनं घासली. वाळूनं घासली. सहाणेवर पाणी घालून चंदनासारखी उगाळली. दाढ झिजली, पण पट्टा तसाच. मग मला कळलं. हा डाग वर बसलेला नाही, दातातच मुरलेला आहे. कुणी लावलाच नाही तर घासून जाणार कसा? माझा जीव असा हलका झाला की मी परसात एकटीच हसले.

जुमेरातीच्या सकाळी गाडीत बसले तर पुढच्या मुली अजून यायच्या होत्या. आयाबीनं माझ्याकडं बघितलं.

"क्यों गे, गाल कायकू फुगा? और मुठ्ठी में क्या छुपाई?"

मी मूठ उघडली. तिनं दाढ उचलली, पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरली. लई वेळ धरली.

"किधर की गे तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. आयाबीनं पडद्यातून गाडीवानाकडं नजर टाकली, मग माझ्या जवळ सरकली. आणि तोंडातली बोली बदलून एकदम आमच्या गावची बोलली.

"चिंचंखालच्या हिरीचं पानी पेलीस व्हय?"

"व्हय."

"मी बी."

तिनं ओढणीचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पुढचा एक दात खसाखसा पुसला. काळं निघालं. खाली तोच पट्टा, माझ्यासारखाच.

"लगीन ठरलं तवापासून लावते. नवऱ्याला बी ठाव नव्हतं. मेला बिचारा, माझे दात न बघताच." ती हसली, मग हसू गिळलं. "कुणाला सांगू नको गं. इतकी वरसं झाली. लोक काय म्हनतील?"

"नाय सांगणार," मी म्हणाले. आणि सांगितलं नाही.

वर्गात बाईंनी कोरा कागद, दौत आणि टाक टेबलावर मांडून ठेवला होता. पोरी रांगेत. आयाबी पाण्याचा माठ भरायला दाराशी आली होती. माझी पाळी आली तशी मी कागदावर दाढ ठेवली.

"हे काय?" बाई मागं सरकल्या.

"माझी दाढ, बाई." माझा आवाज मलाच ऐकू येईना. पुन्हा म्हणाले. "माझी दाढ. आता ही माझ्या तोंडात नाही. तुम्ही घासा. डाग गेला तर मी लिहून देते."

पोरींत खसखस पिकली. एकीनं नाक धरलं. बाईंचा चेहरा लाल झाला.

"उचल ती घाण! दप्तर घे आणि चालती हो."

मी उचलली नाही. हलले नाही. टेबलाची कड धरली. पण धरली ती सोडली नाही.

तेवढ्यात माठ खाली ठेवल्याचा आवाज झाला. आयाबी पुढं आली. तिनं माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, चूळ भरली, ओढणीनं दात पुसले, पुन्हा चूळ, पुन्हा पुसले. खिडकीबाहेर काळं पाणी थुंकली. मग ती बाईंसमोर उभी राहिली आणि सगळे दात दाखवून हसली. पिवळे, तपकिरी, खळग्यांचे. आमच्या विहिरीचे.

"बाईसाब, मेरा बी जुर्माना लिखो," ती म्हणाली. "एक जुमेरात का नको, साठ बरस का लिखो. ह्या पोरीचं आन् माझं गाव एक, हीर एक. मिश्री ह्या डागांवर लावतात, बाईसाब. मिश्रीनं हे डाग होत न्हाईत."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. तिच्या दातांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. रुमालात दाढ उचलली, राखुंडी घेतली आणि स्वतः घासायला लागल्या. बोटं काळी झाली तरी घासत राहिल्या. माठाचं पाणी ओतून धुतली, खिडकीशी नेली. पट्टा तिथंच होता.

"लवंग का खाल्ली होतीस?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"ही दाढ दुखत होती."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही सांगितलंत."

बाईंनी कोरा कागद उचलून खणात टाकला आणि यादी काढून माझं नाव लिहिलं. मी बघत होते, लिहून होईपर्यंत. "जागेवर बस," त्या म्हणाल्या.

मी बसले नाही. हात पुढं केला.

"आता काय?"

"बारा आणे, बाई."

"दंड सरकारात जमा होतो. एकदा जमा झालेला परत निघत नाही."

"मी सरकारला दिला नव्हता. तुम्हाला दिला होता. माझ्या आईनं रहाट फिरवून दिला होता."

"बस खाली!"

तेव्हा बसले. पण पुढच्या जुमेरातीला रांगेत माझी पाळी आली तशी मी आधी दात दाखवले, सगळे, आणि मग हात पुढं केला. बाई पुढच्या मुलीकडं गेल्या. त्याच्या पुढच्या जुमेरातीला पुन्हा. आई म्हणाली, "नाव घातलं ना? आता कशाला तिला छळतीस?" मी म्हटलं, "नाव माझं आहे, पैसे तुझे आहेत." तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा त्यावर दोन आणे पडले. बाईंनी स्वतःच्या कनवटीचे काढले होते, हे मला दिसलं. आता थांबावं असं क्षणभर वाटलं. थांबले नाही. त्यांनी बारा घेतले होते.

त्यानंतर पोरींनी मला मिश्रीवाली म्हणणं सोडलं. घाबरल्या असतील किंवा मजा संपली असेल. आयाबीनं मिश्री पुन्हा लावली नाही. गाडीत बसली की मोठ्यानं हसायची, तोंडावर ओढणी न घेता, आणि मला विचारायची, "किती आले गं?" मी बोटांनी सांगायचे. "अजून सहा? सोडू नको."

परीक्षा झाली. मधल्या काळात वडिलांचं कार्ड आलं. आई सवयीनं ते घेऊन दाराकडं निघाली, मग थांबली आणि माझ्या हातात दिलं. मी अडखळत वाचलं. खाली "तुझी सय येते" होतं. ते मी हळू वाचलं. आई म्हणाली, "पुन्हा वाच." दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आता वाच."

पाण्याचं कोडं फार पुढं सुटलं. आमच्या भागातल्या काही विहिरींच्या पाण्यात असं काही असतं की लहानपणी ते प्यायलं तर दात कच्चे आणि डागी उगवतात. त्याला इंग्रजी नाव आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. मला नावाची गरज नव्हती. मला दाढेनं सांगितलं होतं.

आता नातीला काय सांगायचं ते ठरलं. दाढेची कीड डॉक्टरांकडं दाखवायचीच, त्यात हयगय नाही. पण तू घासत नाहीस असं कुणी म्हटलं, तर मान खाली घालायची नाही. घासते म्हणायचं. आवाज फुटला नाही तर पुन्हा म्हणायचं.

निकालाच्या दिवशी बाईंनी एकेकीला नाव घेऊन बोलावलं. मी पास होते. अक्षराच्या पुढं त्यांनी "वाईट" असं लिहिलं होतं. ते खरंच होतं, मी वाद घातला नाही. कागद घेतला आणि तिथंच उभी राहिले. तोपर्यंत आठ आणे आले होते. बाईंनी माझ्या हाताकडं बघितलं. या वेळी मी तो पुढं केलेला नव्हता. त्यांनी कनवटीतून चार आण्यांची एक पावली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"पूर्ण झाले का?"

मी मनात सगळे पुन्हा मोजले. दोन, दोन, एक, एक, दोन, आणि ही पावली. बारा.

"झाले, बाई," मी म्हणाले, आणि दात दाखवून हसले.